पहिली सुरी

झुकिनीचे काप, टोमॅटो सॉस आणि वर भरपूर चीज, अशी डिश मी ओव्हनमध्ये ठेवत होते. सासूबाईंनी विचारलं, "ही काकडी का गं?"

"नाही आई, भोपळ्याच्या जातीची आहे."

आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही. आधी सासरे लावायचे, ते गेल्यापासून माझा नवरा शौनक.

"मग हिला पहिली सुरी कोणी लावली?"

"मीच. आणि यापुढेही मीच लावणार आहे."

भांडणाची तयारी ठेवूनच मी डिश टेबलावर आणली. सासूबाईंनी खाल्लं, पुन्हा वाढून घेतलं आणि उठून गॅलरीत गेल्या. शौनकच्या मामांनी सायखेड्याहून पाठवलेला लाल भोपळा तिथे पडून होता. सुट्टीच्या दिवशी चिरतो म्हणत म्हणत शौनकने तो तसाच ठेवला होता. सासूबाईंनी तो ओट्यावर आणून ठेवला. मी लगेच सुरी उचलली.

त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

 

"तू लावलीस ना एकदा? हा माझा."