चढाचं चक्र

चक्राच्या दात्यावर अंगठा फिरला आणि थोरल्याचा हात तिथेच थबकला.

समोर स्टँडला धाकट्या भावाची सायकल टांगली होती. धाकटा दोन महिन्यांपूर्वी झोपेतच गेला. आज सकाळी त्याची बायको सायकल ढकलत दुकानात आली. "भाऊजी, लेकीला कॉलेजला लागेल. काय बदलायचं ते बदला," एवढंच म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच या दुकानाची पायरी चढली होती.

गिऱ्हाइकं थोरल्याला दातांचा डॉक्टर म्हणत. "काय डॉक्टर, वाचेल का पेशंट?" "वाचेल, पण सगळी कवळी बदलावी लागेल." पेडलपाशी जे चक्र असतं, त्याचे दाते चाचपून तो माणूस ओळखी. नवा दाता दोन्ही अंगांनी सारखा, माथ्यावर बोथट. चेन ओढून ओढून त्याची एक बाजू खाते. मग तो टोकदार होतो, एका अंगाला कलतो, वाऱ्यातल्या गवतासारखा.

या सायकलीला पुढे दोन चक्रं होती. मोठं सपाटीचं, लहान चढाचं. गाव तळहातासारखं सपाट. इथे मोठी चक्रं झिजतात, लहान चक्रं अंगावरच्या काळ्या रंगासकट भंगारात जातात. धाकट्याचं मोठं चक्र अजून पाच वर्षं हसत चाललं असतं. लहान मात्र पार संपलं होतं. थोरल्याने त्यावरची चेन चिमटीत धरून ओढली. दाता अर्धा उघडा पडला. फटीतून पलीकडचा उजेड दिसला, आणि जुन्या तेलात थिजलेली पांढरी धूळ खाली सांडली. खडीची धूळ.

गावाला चढ एकच होता. खडीचा रस्ता, वर वृद्धाश्रम, आणि त्यापुढे रस्ताच नाही.

चार वर्षं आई तिथे होती. थोरला दर रविवारी दुपारच्या बसने जायचा. आई त्याचा हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "तू येतोस रे. धाकटा काही फिरकत नाही." आई चष्मा कुठे ठेवला ते विसरायची, आज वार कोणता ते विसरायची. थोरला हसून चष्मा शोधून द्यायचा. पण पोटचं पोर येऊन गेलं हे कोणती आई विसरेल? दाराशी येणाऱ्यांची वही असे. तो आपलं नाव लिही आणि वही मिटवी. वरची ओळ त्याने कधी वाचली नाही.

तीन वर्षांपूर्वी आई गेली त्या दिवशी तो चारचौघांत धाकट्याला म्हणाला होता, "आता कशाला आलास?" धाकट्याने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाला, "दादा, तिच्या उशाशी नको."

महिन्याने तो दुकानात आला. हीच सायकल घेऊन. "चढाला चेन सुटायची रे, दादा. बघतोस?"

चढाला, म्हणाला होता. थोरल्याने मान वर केली नव्हती. "बाजारात दुसरी दुकानं आहेत," म्हणाला होता.

धाकटा सायकल वळवून निघून गेला. दुसऱ्या कुठल्याच दुकानात त्याने ती दाखवली नव्हती. दातेच सांगत होते.

थोरल्याने हाताचं तेल फडक्याला पुसलं. पुसून झालं तरी पुसतच राहिला.

"तो किती वेळा जायचा वर?"

"आईंकडे? एक दिवसाआड," ती म्हणाली. "पहाटे, कामावर जायच्या आधी. वेणी घालून द्यायचे त्यांची. वाकडीच व्हायची." ती जरा हसली. "का हो?"

वाकडी वेणी त्याने पाहिली होती. तिथल्या बाईने घाईत घातली असेल, असं त्याला वाटायचं. रविवारी तो ती सोडून सरळ करायला सांगायचा.

"आई म्हणायची, धाकटा येतच नाही," थोरला कसाबसा म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. या तीन वर्षांचा अबोला कुठून आला, ते तिला आत्ता कळत होतं. मांडीवरची पिशवी तिने बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आम्हालाही म्हणायच्या त्या. थोरला येतच नाही म्हणून. हे नुसते हसायचे. म्हणायचे, रविवार यायचा राहील, दादा यायचा राहणार नाही. आईच विसरते."