तिसऱ्या टाकीतला मासा

“पंकजा, आटप. धा वाजता नंबर हाय,” गोजरबाई प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाली.

पंकजा संगमनेरच्या त्या कॉलेजात साफसफाईचं काम करायची. आज अर्धी रजा टाकून तिला सासूबरोबर दवाखान्यात जायचं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हा तिसरा डॉक्टर. आधीच्या दोघींनी तिच्यात काही दोष नाही असं लिहून दिलं होतं. गोजरबाईला ते कागद पटत नव्हते.

“एवढ्या काचा पुसते, आत्याबाई.”

तीन काचेच्या टाक्यांत समुद्रातले मासे होते. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. माशांवर संशोधन करणाऱ्या निकितानं गोजरबाईला स्टूल दिलं.

“यातली मादी कंची?” गोजरबाईनं विचारलं.

“मोठी ती. हे मासे सगळे नर म्हणूनच जन्मतात, मावशी. मादी मेली की तिच्या जोडीच्या नराची मादी होते. मग ती अंडी घालते.”

“काय सांगती!” गोजरबाई हसली. मग तिचं लक्ष तिसऱ्या टाकीकडं गेलं. तिथला मोठा मासा तळाशी एका जागी थांबला होता. “आन् ह्यो?”

“दोन टाक्यांतल्या माद्या आम्ही एकाच दिवशी बाहेर काढल्या. आठ महिने झाले. शेजारच्या टाकीतल्या नराची मादी झाली, तिनं तीनदा अंडी घातली. याच्या पाण्यात आम्ही तेल मिसळतो. जहाजातून समुद्रात सांडतं तसलं, अगदी थोडं. त्यानं याच्या अंगातले हार्मोन बिघडले. हा मधेच अडकला. ना नर, ना मादी.”

“दिसतोय तर चांगला धडधाकट.”

“वरून कळत नाही, मावशी. तपासल्यावरच कळतं.”

गोजरबाई पदरानं तोंड पुसून म्हणाली, “माजा रवी चौदा वर्सं गॅरेजात हाय. जळक्या आईलात कोपरापतुर हात. कापडं दोनदा धुतली तरी वास जात न्हाई.”

निकिता सावध झाली. “मासे वेगळे, माणसं वेगळी. यावरून माणसांचं काही सांगता येत नाही.” जरा थांबून तिनं विचारलं, “पण त्यांची तपासणी केलीय ना?”

पंकजाचा फडका काचेवर थांबला. हे तिनं घरी दोनदा विचारलं होतं. दुसऱ्या वेळी गोजरबाईनं चार दिवस तिच्या हातचं खाल्लं नव्हतं.

गोजरबाई त्या माशाकडं बघत राहिली. त्याचे कल्ले हलत होते, बाकी काही नाही.

“ह्याला चांगल्या पान्यात टाकलं तर?”

“तेच बघायचंय पुढच्या महिन्यात. सुधारेलही कदाचित.”

गोजरबाई उठली. कनवटीचा मोबाईल काढून पंकजाच्या हातात दिला. “रवीला लाव.”

फोन लागला तशी तिनं तो कानाला धरला.

“रविराज, हात धू आन् दवाखान्यात ये. आत्ताच्या आत्ता… हिला काय झालं न्हाई. तुला तपासायचंय.”

तिकडून रविराज मोठ्यानं बोलत होता. पंकजाला त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. गॅरेजात गिऱ्हाईक आहे, पोरं हसतील, लोक काय म्हणतील.

“हिला सा वर्सं म्हनत्यात ते,” गोजरबाई म्हणाली. “म्या बी म्हनलं.”

फोनमधून लोखंडावर हातोडा पडल्याचे आवाज येत होते. रविराज कुणाला तरी काही बोलला, आणि ते आवाज थांबले. “कंच्या दवाखान्यात?” त्यानं विचारलं.