धुक्यातलं भुयार

"उणे पन्नास झालंय. पोरांच्या शाळासुद्धा बंद ठेवल्यात, आणि तू निघालास पळायला!" तुयारा नवऱ्यावर खेकसली. "एक दिवस चुकला तर पाय गळून पडणार आहेत का?"

"पाय नाही, पण तुझं ऐकून कान नक्की गळतील," न्युर्गुन हसला आणि रोजच्यासारखा नदीकडे पळत गेला. याकुत्स्कच्या त्या हिवाळ्यात त्याने एकही सकाळ चुकवली नव्हती.

परतताना धुकं फारच दाटलं. असल्या थंडीत वारा नसतो. धुक्यातून कुणी गेलं, की त्याच्या अंगाच्या मापाचं भुयार मागे काही वेळ तसंच राहतं. असं एक ताजं भुयार त्याला समोर दिसलं. आपल्यासारखा आणखी एक वेडा आहे म्हणायचा, असं वाटून तो खुशीत त्यात शिरला. भुयाराचा डावा खांदा जरा उतरता होता, त्याच्या स्वतःच्या खांद्यासारखा. पळताना त्याचं अंग धुक्याला कुठेही लागलं नाही.

भुयार वळलं ते त्याच्याच फाटकातून आत, थेट दारापर्यंत.

दाराला आतून कडी होती. तोंडावरचा लोकरी रुमाल दाढीला गोठून चिकटला होता, त्यामुळे हाक मारता येईना. त्याने दोन्ही मुठींनी दार बडवलं.

"कुणीतरी आलंय वाटतं," आतून तुयाराचा आवाज आला. "बघते हं."

"तू कशाला उठतेस? चहा निवेल तुझा," आत कुणीतरी न्युर्गुनच्याच आवाजात म्हणालं. "एवढ्या थंडीत बाहेर कोण असणार?"