धोतरावरच्या कुरडया

"ऊन शंभर, आणि गच्ची परत फेकते सत्तर? असं कसं होईल?" मोबाइलवरचा आकडा बघून केतकीचा जीव खाली-वर झाला. गच्चीवर काठीला टांगलेल्या डब्याच्या झाकणात तिनं दोन सेन्सर बसवले होते, एक आभाळाकडे बघणारा, एक गच्चीकडे. वरच्या सेन्सरवर तान्ह्या मनूच्या दुधाच्या बाटलीचं टोपण. गच्ची सगळं ऊन पिऊन घेते हे यंत्रानं दाखवलं, तरच सासरे गच्चीला पांढराशुभ्र चुना मारणार होते. तोवर खालच्या तापलेल्या खोलीत मनूची घामोळी काही जाणार नव्हती.

मनूला कडेवर घेऊन ती वर धावली. यंत्राच्या बरोब्बर खाली सासूबाईंनी पांढरं धोतर अंथरून कुरडया घातल्या होत्या.

"अहो आई! यंत्र तुमच्या कुरडया मोजतंय!"

"मग आकडा चांगलाच आला असेल." धोतराच्या काठावर त्या अनवाणी, निवांत उभ्या होत्या. "पण इथं पाय भाजत नाहीत गं. थांब जरा." जिन्यात वाकून त्यांनी हाक मारली, "अहो, वर या! आणि चपला तिथंच काढा!"

सासरे आले, दोन पावलं टाकली आणि उड्या मारत थेट धोतरावर.

"कुरडया सांभाळा!"

"चुना किती पोती लागेल?" एका पायावर उभं राहून त्यांनी विचारलं.

दुपारी मनू झोपल्यावर केतकीनं यंत्राची आकृती नेटवर टाकली, कुणालाही फुकट बनवता यावं म्हणून. खाली एक सूचना लिहिली: "आकड्यानं पटलं नाही, तर सासऱ्यांना अनवाणी उभं करावं."