बिट्टीची झोप

नर्सबाई ओणव्या होऊन ओट्याखालचा रंग नखाने खरवडून बघत होत्या, आणि दारात उभ्या असलेल्या बिट्टीच्या आईचा पारा चढत होता. शेजारणी जिथे पायपुसण्यावर पाय ठेवायलाही बिचकतात, त्या तिच्या घरात कुणी नख लावून बघावं!

पण रक्ताच्या तपासणीपुढे तिचं काही चालत नव्हतं. अडीच वर्षांच्या बिट्टीच्या अंगात शिसं निघालं होतं, आणि चांगलंच निघालं होतं.

"ताप नाही, खोकला नाही. दिवसभर घर डोक्यावर घेते," आई म्हणाली. "हिला काही झालंय असं कोण म्हणेल?"

"तीच तर पंचाईत आहे," नर्सबाई म्हणाल्या. "शिसं गाजावाजा करत नाही. गुपचूप मेंदूवर घाव घालतं. पोर शाळेत मागे पडायला लागतं तेव्हा कळतं, आणि तेव्हा हात चोळण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. आपल्याला वेळेवर कळलंय. फक्त ते येतंय कुठून, तेवढं सापडायला हवं."

रंग नवा होता. भांडी स्टीलची होती. खेळणी एकूण एक उलटीपालटी करून झाली. मग नर्सबाईंनी मोर्चा बिट्टीच्या बाबांकडे वळवला. ते जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं काढायच्या कारखान्यात कामाला होते, म्हणजे संशयाला जागा होतीच.

"माझ्याकडे बघू नका, सिस्टर," बाबा छाती पुढे काढून म्हणाले. "मी तिथेच साबणाने अंघोळ करतो, तिथेच कपडे बदलतो. बूटसुद्धा तिथेच ठेवतो. कामाचे कपडे तेवढे पिशवीत बांधून आणतो."

"आणि ते मी वेगळ्या बादलीत धुते," आईने ठणकावलं.

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. "मग हा चोर शिरला कुठून?"

एवढ्यात बिट्टीची झोपेची वेळ झाली आणि तिने भोकाड पसरलं. आईने बोलता बोलता दारामागच्या खुंटीवरचा शर्ट ओढला आणि तिच्या हातात दिला. बिट्टीने तो छातीशी धरला, कॉलर तोंडात घातली आणि ती चोखत गादीवर आडवी झाली. रडणं जिथल्या तिथे बंद.

"बघितलंत?" आई कौतुकाने म्हणाली. "यांची रात्रपाळी असली की ही झोपायचीच नाही. बाबा हवा, बाबा हवा. आता शर्ट दिला की गुडुप."

नर्सबाई शर्टाकडे बघत राहिल्या. "धुतलेला आहे हा?"

"छे! धुतलेला घेतच नाही ती. त्याला यांचा वास कुठे असतो? म्हणून मी मुद्दाम कामाचा एक शर्ट न धुता..."

बाबांची छाती कधीच आत गेली होती. आई मटकन खाली बसली.

"मीच दिला हो," ती म्हणाली. "रोज. माझ्या हाताने."

नर्सबाई तिच्याशेजारी बसल्या. "रडायचं मागाहून. चोर सापडलाय, आता त्याला बाहेर काढा. झटकू नका, शिशाची धूळ उडेल; हळूच उचलून पिशवीत घाला. चादरी धुवा, फरशी ओल्या फडक्याने पुसा, पोरीचे हात दर जेवणाआधी धुवा. आणि कामाचे कपडे यापुढे कारखान्यातच धुतले जातील, उंबरठ्याच्या आत यायचे नाहीत. थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त तपासू. आकडा खाली येतो. मी तो उतरताना पाहिलाय."

आईने डोळे पुसले आणि ती उठली. काय करायचं ते एकदा कळलं, की या बाईचा हात कुणी धरू शकत नसे. बिट्टीच्या मुठीचं एकेक बोट सोडवत तिने शर्ट काढून घेतला. पोरीने आकांत मांडला, तरी तिचं तोंड धुतलं, हात धुतले, गादीवर स्वच्छ चादर घातली. कामावर निघायला अजून अवकाश होता, म्हणून बाबा चादरीवर आडवे झाले आणि त्यांनी हात पसरले.

"ये बिट्टे, बाबा इथेच आहे."

हुंदके देत बिट्टी त्यांच्या कुशीत शिरली. तिने त्यांच्या गळ्याला नाक लावलं, मग छातीला. सगळीकडे नुसता साबण. तिने दोन्ही हातांनी त्यांना दूर ढकललं आणि आईकडे वळली.

"हा नको," ती म्हणाली. "बाबा दे."

बाबा उठून बसले.

"हाच बाबा आहे गं," पिशवीला घट्ट गाठ मारत ती म्हणाली. "होईल ओळख."