घराण्यांचा शोध

पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती वस्तीचा, इतिहास लिहायचं काम फादरांनी शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंवर सोपवलं, तेव्हा बाईंना आभाळ ठेंगणं झालं. चर्चमागच्या दफनभूमीतली पुसट नावं त्यांनी ओल्या फडक्याने घासून वाचली आणि त्या घराण्यांची आजची माणसं हुडकत गल्लोगल्ली चपला झिजवल्या. काहींनी तर चर्चशी अबोलाच धरला होता. "फादरांचं पुस्तक आहे, तुमच्या पणजोबांचं नाव येईल त्यात," असं बाई म्हणाल्या की तीही माणसं विरघळायची, चहा पाजून सगळी वंशावळ सांगायची, वर भावंडांचे पत्तेही द्यायची.

पुस्तक काही निघालं नाही. घरोघरी नोटिसा मात्र आल्या: दफनभूमीची जागा विकायची आहे, महिन्याभरात आपापल्या माणसांच्या अस्थी हलवा. बाईंनाही आली, नवऱ्याच्या कबरीसाठी.

ती घेऊन त्या तडक फादरांकडे गेल्या. "इतिहास लिहायचा होता ना, फादर?"

फादरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली.

 

"वारसांना कळवल्याशिवाय जागा विकता येत नव्हती, आणि वकिलांनी तर हात टेकले होते. तुम्ही मात्र एकही घर सोडलं नाहीत, बाई."