कंपनीसारखा हिरवा

मी लावलेलं बटण कुठलं आणि कंपनीचं कुठलं, हे कुणी ओळखून दाखवलं तर मी धंदा सोडीन. वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, उगाच नाही बोलत.

शाळेच्या बाईंनी फॉगलॅम्पचं बटण बाहेरून आणलं होतं. त्याचा उजेड निळा, आणि गाडीतल्या तिन्ही बटणांचा हिरवा. "डोळ्यात खुपतं हो," बाई म्हणाल्या.

मी बटण खोललं, निळा एलईडी काढून हिरवा टाकला, भगभग कमी करायला रेझिस्टर जोडला. भर दुपार होती, म्हणून शटर अर्धं ओढून गाडीचे दिवे लावले. डॅशबोर्डवरची चारही बटणं सख्खी भावंडं दिसत होती.

"सांगा, माझं कुठलं?"

बाईंनी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"चुकलात! माझं ते चौथं. आता गंमत बघा." मी डॅशबोर्डचा उजेड कमी करायची चकती फिरवली. चारही बटणं एकदम मंद झाली.

मागून बायको म्हणाली, "अहो, तुमचं बटण तर इथे टेबलावरच राहिलंय. त्याला वायर नाही, काही नाही, मग गाडीतलं ते चौथं आत्ता मंद झालं, ते कुठलं?"